पिण्याच्या पाण्यात उतरू नका: करी रोडकरांना वर्षासहलीआधीचं आवाहन

करी रोड, चिंचपोकळी, लालबाग, डिलाईल रोड आणि लोअर परळच्या रहिवाशांनो, गणेशोत्सव मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, गोविंदा पथकांच्या प्रशिक्षकांनो, चाळ समित्यांच्या आणि सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांनो,

पहिला पाऊस पडून गेला आहे आणि वर्षासहलीची वर्गणी जमायला लागली आहे. कुणी कसारा लोकलचं वेळापत्रक ग्रुपवर टाकलं असेल, कुणी टेम्पो ट्रॅव्हलरचा भाव काढला असेल, गटारीच्या आधीचा रविवार कोणता तेही मोजून झालं असेल. सहलीची जागा ठरायची बाकी असेल तर फार बरं, कारण ही विनंती जागेबद्दलच आहे.

मुंबईला पाणी पुरवणारे तलाव, त्या तलावांना भरणाऱ्या नद्या आणि त्या नद्यांवरचे धबधबे, यांच्या पाण्यात या पावसाळ्यात आपल्यापैकी कुणीही उतरू नये. काठावर जायचं तर परवानगी असलेल्या वाटेनं जावं आणि नेलेली प्रत्येक वस्तू परत आणावी. आणि हे पाळतानाच, सामान्य माणसाला या जंगलात रीतसर, सुरक्षितपणे फिरता येईल अशी सोय सरकारकडे आणि महापालिकेकडे ठामपणे मागावी. ‘जाऊ नका’ एवढंच सांगून भागत नाही, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक नाही. पण ‘कुठंही, कसंही जा’ हे आता जिवावर आणि पाण्यावर बेतू लागलं आहे.

सहलीची नदी, नळाचं पाणी

करी रोडहून धिमी लोकल धरायची, दादरला उतरून कसारा गाडीत शिरायचं, हा आपल्या भागातल्या पोरांचा ठरलेला मार्ग. टिटवाळा मागे पडलं की खडवली. स्टेशनातून चालत गेलं की भातसा नदी. पुढे वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी. या टापूत माहुलीचा किल्ला आहे, तानसा आहे, खर्डीच्या बाजूला मोडक सागर आहे आणि शेवटी कसाऱ्याहून विहीगावचा धबधबा. पावसाळ्यातल्या रविवारी या गाडीत उभं राहायला जागा नसते.

आता याच मार्गाकडे नळाच्या बाजूनं पाहा. मुंबईला सात तलावांतून रोज जवळजवळ ४०० कोटी लिटर पाणी मिळतं. विहार १८६० सालचा, तुळशी १८७९ चा, तानसा १८९२ चा. मोडक सागर १९५७ साली झाला. त्यानंतर ऊर्ध्व वैतरणा आणि भातसा आले आणि २०१४ साली मध्य वैतरणा. सातही तलाव काठोकाठ भरले तर साठा १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटरच्या आसपास जातो. त्यातला जवळपास निम्मा, म्हणजे ७ लाख १७ हजार दशलक्ष लिटर, एकट्या भातसाचा.

पण भातसाचं पाणी धरणापासून बंद नळातून येत नाही, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं. ते धरणातून नदीत सोडतात. नदीच्या उघड्या पात्रातून ते मैलोन् मैल वाहत भिवंडी तालुक्यातल्या पिसे बंधाऱ्यापर्यंत येतं. तिथं पंपांनी उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात आणि मुंबईकडे पाठवतात. खडवली या वाटेवर, बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला आहे. तिथं रविवारी शेकडो माणसं ज्या पाण्यात डुंबतात, साबण लावतात, गाड्या धुतात, ज्याच्या काठावर बाटल्या फोडतात आणि आडोशाला बसतात, ते पाणी पुढे पिशाला जाऊन मुंबईच्या नळांना लागतं. घरातल्या पिंपात नातवानं नुसता हात घातला तरी आजी ओरडते. भातसा नदी हे आपलं सगळ्यांचं मिळून एक पिंपच आहे.

तानसा-वैतरणेचं पाणी तर बहुतांश निव्वळ उतारानं येतं. शंभरेक किलोमीटरवरून, पंपाशिवाय. एकोणिसाव्या शतकात जवळजवळ तीन किलोमीटर लांबीची दगडी भिंत बांधून अडवलेला तानसा आजही आपली तहान भागवतो. हे पाणी इतकी वर्षं चांगलं राहिलं त्याचं श्रेय नुसत्या भिंतीला नाही, भोवतालच्या रानालाही आहे. तानसा अभयारण्य तीनशे चौरस किलोमीटरहून मोठं आहे. पडणारा पाऊस पालापाचोळ्यातून मुरतो, मुळं माती धरून ठेवतात, म्हणून ओढ्यात गाळ कमी येतो. पाणलोट क्षेत्र राखायचं म्हणजे हे रान राखायचं. नामशेष झाला असं मानलं गेलेला आणि १९९७ साली नंदुरबारकडे पुन्हा सापडलेला रानपिंगळा २०१४ साली याच तानसाच्या जंगलात दिसला. इतकं जिवंत रान आपल्या नळाच्या दुसऱ्या टोकाला आहे.

घाई कशासाठी

दर जुलैत ‘तानसा भरला’, ‘मोडक सागर ओसंडला’ अशा बातम्या येतात. २०२४ साली पाच टक्के आणि मग दहा टक्के पाणीकपात सोसल्यावर ही बातमी आली तेव्हा आपण सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण याच बातमीनंतर सांडवा बघायला झुंबड उडते. धरण सर्वात धोकादायक असतं ते नेमकं तेव्हाच. भातसाचे दरवाजे उघडले की खडवलीला पावसाचा थेंब नसतानाही नदी चढते. पात्रातल्या खडकावर बसलेल्याला परतीची वाट राहत नाही. धरणाच्या काठाचा तळ गाळाचा असतो. पाय रुतला की पट्टीचा पोहणाराही हतबल होतो आणि त्याला धरायला उतरलेला दुसराही जातो. विहार, तुळशी आणि पवईत तर मगरीही आहेत.

३० जून २०२४ चा रविवार आठवा. लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यांत लहान मुलं होती. पाणी क्षणात वाढलं आणि एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली माणसं बघणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत गेली. पुढच्या वर्षी, १५ जून २०२५ रोजी, इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीत कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. पाण्याचा जोर, रविवारची गर्दी आणि सांगायला-थांबवायला कुणी नाही, हे तिन्ही खडवलीलाही असतं, तानसालाही असतं. आपल्या गल्लीत एखाद्या घरावर अशी वेळ आल्यावर श्रद्धांजलीचा फलक लावण्यापेक्षा आधी बोललेलं बरं.

आपणच का जातो तिथं

हे लिहिताना कुणाला दूषण द्यायचं नाही. करी रोडचा पोरगा खडवलीला का जातो, हेही सांगायला हवं.

ज्याच्याकडे क्लबचं सदस्यत्व आहे, टॉवरच्या सहाव्या मजल्यावर तरणतलाव आहे, पवना किंवा मुळशीच्या काठी बंगला आहे, त्याला कसारा लोकल धरावी लागत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसांत वाढणाऱ्याला मोकळं आभाळ हवंच असतं. ते घराजवळ मिळायला हवं होतं. गिरण्यांची सुमारे सहाशे एकर जमीन याच गिरणगावात होती. १९९१ च्या नियमात तिचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी आणि एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी द्यायचा होता. २००१ साली नियम बदलला आणि ही वाटणी फक्त रिकाम्या पडलेल्या जागेपुरती उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं तो बदल कायम ठेवला. जिथं मैदानं आणि बागा झाल्या असत्या तिथं मॉल आणि काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. आपल्या पोरांची मोकळी जागा शंभर किलोमीटर लांब सरकली, ती अशी.

म्हणून ‘बंदी घाला’ एवढी मागणी आपण करू शकत नाही. दर जूनमध्ये धबधबे आणि धरणांवर मनाई आदेश निघतात. आधी ते कलम १४४ खाली निघायचे, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. आदेश वर्तमानपत्रात छापून येतो, नाक्यावर दोन पोलीस उभे राहतात, गर्दी नेहमीची वाट सोडून आडवाटेनं घुसते. ओळखीच्या डोहातून अनोळखी डोहात. मक्याची कणसं आणि भजी विकणाऱ्या गावकऱ्यांचा हंगाम बुडतो तो वेगळाच.

तिथं राहणाऱ्यांचं काय

शहापूर तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे, वैतरणेचा मोठा पट्टा आहे. आणि याच तालुक्यातल्या कित्येक गावपाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण तिथं रोजचा अनुभव आहे. या धरणांसाठी गावं उठली, शेतं बुडाली. वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी समाजाची माणसं आजही या रानात राहतात. त्यांच्या अनवाणी पायांत आपल्या फुटलेल्या बाटल्या घुसतात. प्लास्टिक खाऊन त्यांची जनावरं मरतात. कुणी बुडालं की अंधारात दोर घेऊन उतरतात ती बहुतेक वेळा त्याच पाड्यांवरची पोरं.

आपण त्यांच्या घरी पाहुणे म्हणून जातो. पाहुण्यानं यजमानाच्या विहिरीवर दंगा करायचा नसतो, एवढी रीत आपल्या प्रत्येकाच्या गावाला आहे. आणि आपली तहान जितकी बेजबाबदार, तितकं त्यांचं रान आणखी बुडणार. मुंबईसाठी दिवसाला ४४० दशलक्ष लिटर पाणी देणारा गारगाई प्रकल्प तानसा अभयारण्यातच प्रस्तावित आहे. त्याखाली गावंही जाणार आहेत आणि लाखो झाडंही. हाताशी असलेलं पाणी खराब करायचं आणि नव्यासाठी दुसऱ्याचं गाव मागायचं, हे आपल्याला शोभणारं नाही.

एक तलाव आपण गमावला आहे

ज्यांना हे सगळं अतिरंजित वाटतं त्यांनी पवईला जाऊन यावं. १८९१ साली पवईचा तलाव पिण्याच्या पाण्यासाठीच बांधला. पुढे त्याचं पाणी पिण्यालायक राहिलं नाही. भोवती वस्ती आणि इमारती वाढल्या, सांडपाणी आलं, गाळ साठला, जलपर्णी पसरली. आज ते पाणी पिण्याव्यतिरिक्त इतर कामांना वापरतात. याच तलावाच्या काठावर महापालिकेनं सायकल आणि जॉगिंग ट्रॅक बांधायला घेतला, तेव्हा मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो बेकायदा ठरवला, काम काढून जागा पूर्ववत करायला सांगितलं. पाण्याच्या काठी लोकांना फिरायला जागा द्यायची तर ती पाण्याच्या छातीवर भराव घालून द्यायची नसते, इतकं तरी त्या निकालातून शिकायला हवं.

मधला मार्ग आहे

बंदी आणि बेबंदशाही यांच्या मध्ये वाट नाही असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी काही उदाहरणं.

आपल्यातल्या किती तरी घरांचं गाव साताऱ्याकडे आहे. त्यांना कास माहीत आहे. कासचा तलाव सातारा शहराला पिण्याचं पाणी देतो. शेजारच्या पठारावर फुलांच्या हंगामात लोटणाऱ्या गर्दीला शिस्त लावली ती आधी नोंदणी, दिवसाला ठराविकच माणसं, प्रवेश शुल्क आणि भोवतालच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या यांनी. तक्रारी तिथंही आहेत, तलावाकाठी बाटल्या तिथंही सापडतात. पण फुलं तुडवली जाण्याला आळा बसला आणि गावातल्या पोरांना वाटाड्याचं काम मिळालं.

अगदी जवळचं उदाहरण मलबार हिलचं. फिरोजशहा मेहता उद्यान, म्हणजे आपलं हँगिंग गार्डन, पिण्याच्या पाण्याच्या जलाशयावरच वसलेलं आहे. माझगावची जोसेफ बाप्टिस्टा बागही भंडारवाडा जलाशयावर आहे. पाण्याच्या वर शंभर वर्षं माणसं फिरताहेत, पोरं खेळताहेत, आणि खाली झाकलेलं पाणी सुरक्षित आहे. मलबार हिललाच ३० मार्च २०२५ रोजी, गुढीपाडव्याला, झाडांतून जाणारा ४८५ मीटरचा उन्नत निसर्गमार्ग खुला झाला. ऑनलाइन नोंदणी, तासातासाची वेळ, एका वेळी ठराविक माणसं, भारतीयांना २५ रुपये. जे मलबार हिलला जमलं ते तानसाला का जमू नये?

न्यूयॉर्क शहराचं बहुतेक पाणी कॅट्सकिल आणि डेलावेअर खोऱ्यांतल्या धरणांतून येतं आणि ते गाळणी केंद्रातून न गाळताच पुरवता येतं, कारण शहरानं पाणलोटाची जमीन जपली. तरीही त्यातली लाख एकरांहून अधिक जमीन लोकांना चालायला, मासेमारीला खुली आहे. धरणांवर जायला लागणारा परवाना फुकट मिळतो. वल्ह्यांची होडी आधी वाफेनं धुऊन घेतल्याशिवाय पाण्यात घालता येत नाही. आणि पोहायला मात्र सक्त मनाई. काठ लोकांचा, पाणी सगळ्या शहराचं, ही त्यांची साधी वाटणी.

नेहमीच्या तीन शंका

‘क्लोरीन टाकतातच ना?’ टाकतात. तुरटीनं गाळ बसवतात, गाळतात, मग क्लोरीन. पण पाण्यात घाण जितकी जास्त तितकं क्लोरीन जास्त लागतं. काही परजीवी क्लोरीनलाही दाद देत नाहीत. शाम्पू, डिझेल आणि ऑईल तर क्लोरीननं जात नाहीतच. शुद्धीकरण केंद्र ही शेवटची राखण आहे. पहिली राखण आपण उठवून लावायची आणि शेवटच्या राखणीवर भार टाकायचा, हा हिशेब महागात पडतो.

‘आमच्या दहा जणांनी एवढ्या मोठ्या तलावाचं काय होणार?’ दहा जणांनी काही होणार नाही. पण त्या रविवारी तिथं आलेला प्रत्येक गट स्वतःला ‘आम्ही दहाच’ म्हणत असतो.

‘तिथली पोरं पोहतात, मग आम्ही का नको?’ त्यांना तो डोह बारमाही ओळखीचा असतो. कुठं खडक, कुठं भोवरा, दरवाजे उघडले की पाणी किती वेळात येतं, हे ती लहानपणापासून शिकलेली असतात. त्यांचा त्या पाण्यावर राहण्या-जगण्याचा हक्क आहे. आपला रविवार हा हक्क नव्हे.

या वर्षी एवढं पाळूया

१. पिण्याच्या पाण्याच्या तलावात, भातसा-तानसा-वैतरणेच्या पात्रात आणि त्यांच्या धबधब्यांखाली उतरायचं नाही. गुडघाभर पाण्यातही नाही, सेल्फीपुरतंही नाही.

२. तुळशी आणि विहारच्या काठावर आरे किंवा फिल्म सिटीच्या बाजूनं चोरवाटेनं शिरायचं नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मुख्य दारातून जा. वन विभागाच्या वाटाड्यासोबतच्या निसर्गभ्रमंती तिथं होतात, त्यासाठी आधी नोंदणी करा.

३. अभयारण्यात शिरण्याआधी वन विभागाच्या नाक्यावर नोंद करा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार परवानगीशिवाय प्रवेश हा गुन्हा आहे. ट्रेक असेल तर गावातला वाटाड्या घ्या आणि त्याला योग्य मोबदला द्या.

४. दारू न्यायची नाही. गटारी घरी करा, गच्चीवर करा. पाण्याच्या काठी नको. बुडण्याच्या बातम्यांत दारूचा उल्लेख किती वेळा येतो, ते एकदा पाहा.

५. काचेची बाटली, थर्माकोलच्या थाळ्या, एकदाच वापरायचं प्लास्टिक न्यायचं नाही. डबे न्या. डबेवाल्यांच्या शहरात याला अडचण नसावी. झालेला कचरा करी रोडला परत आणा, गावच्या ओढ्यात किंवा खाईत टाकू नका.

६. पाण्यापासून दूर, गावातल्या शौचालयाची सोय बघून मगच थांबा. गाडी ओढ्यात घालायची नाही, धुवायची तर मुळीच नाही. ओढ्यात साबण लावायचा नाही.

७. जेवण गावातल्या बचत गटाकडून घ्या. आपल्या सहलीचे चार पैसे पाण्याची राखण करणाऱ्या घरात गेले तर राखण टिकेल.

८. कुणी पाण्यात पडलं तर साखळी करून मागोमाग उड्या मारू नका. दोर, ओढणी, लांब काठी, रिकामा बंद कॅन, जे हाती लागेल ते फेका आणि ११२ वर फोन करा. जंगलातला वणवा किंवा वन्यप्राण्याची अडचण असेल तर वन विभागाचा १९२६.

आणि एवढं मागूया

नियम पाळणाऱ्यालाच मागायचा हक्क असतो. आपल्या नगरसेवकाकडे, आमदाराकडे, महापालिकेच्या जल अभियंता खात्याकडे, जलसंपदा विभागाकडे आणि वन विभागाकडे प्रत्येक मंडळानं, प्रत्येक सोसायटीनं एक-एक पत्र द्यावं. तानसा, विहार यांसारखे काही तलाव महापालिकेचे, भातसा राज्य सरकारचं, भोवतालचं रान वन विभागाचं. त्यामुळे एका दारी गेलं की दुसऱ्याकडे बोट दाखवलं जातं. म्हणून पत्र सगळ्यांना एकाच वेळी जाऊ द्या. लांबलचक लिहायची गरज नाही. एवढंच लिहा:

‘मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तलावांच्या पाणलोट क्षेत्रात, पाण्यापासून सुरक्षित अंतरावर, ठराविक निसर्गवाटा आणि दृश्यस्थळं खुली करावीत. प्रवेश आधी नोंदणी करून, ठराविक संख्येत, सामान्य माणसाला परवडणाऱ्या शुल्कात असावा. वाटाडे, जीवरक्षक आणि सफाईचं काम स्थानिक गावांच्या समित्यांना द्यावं आणि जमा होणारं शुल्क आधी त्याच गावांच्या पिण्याच्या पाण्यावर खर्च करावं. खडवली ते पिसे या नदीकाठी शौचालयं, कचऱ्याची सोय आणि धरणाचे दरवाजे उघडण्याची आगाऊ सूचना देणारे भोंगे व फलक पुढच्या पावसाळ्याच्या आत बसवावेत. करी रोडसारख्या दाट वस्तीत पोरांना पोहायला आणि खेळायला सार्वजनिक जागा मिळावी.’

यातली शेवटची मागणी विसरू नका. घराजवळ पोहायला शिकलेलं पोर डोहात सहजी बुडत नाही आणि घराजवळ मोकळं मैदान असलेल्या पोराला धरणाचं आकर्षण थोडं कमी असतं.

लोकांनी लिहिलं की काही होत नाही, असं म्हणणारे भेटतील. त्यांना मलबार हिलच्या जलाशयाची गोष्ट सांगा. तो पाडून नवा बांधण्यासाठी शेकडो झाडं जाणार होती. रहिवाशांनी कागदपत्रं वाचली, सभा घेतल्या, तज्ज्ञांची पाहणी करायला लावली आणि पाडण्याऐवजी दुरुस्तीचा मार्ग पुढे आला. ती वस्ती श्रीमंत होती, मान्य. पण संख्येनं आणि संघटनेनं गिरणगाव कधी कुणाला हटलेलं नाही. दहा दिवस लाखोंची रांग शिस्तीत हलवणारी मंडळं या भागात आहेत. चाळीस जणांची सहल शिस्तीत नेणं त्यांना अवघड नाही, आणि शंभर पत्रं गोळा करणं तर मुळीच नाही.

आता करायचं काम

आषाढी एकादशीच्या आत प्रत्येक मंडळानं, पथकानं आणि चाळ समितीनं एक बैठक घ्यावी आणि तीन ठराव करावेत. पहिला, आमची यंदाची वर्षासहल पिण्याच्या पाण्याच्या कुठल्याही तलावात किंवा नदीपात्रात जाणार नाही. दुसरा, सहलीला जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव, घरचा फोन आणि पोहता येतं की नाही, याची यादी मंडळाकडे राहील आणि अठरा वर्षांखालचं कुणी पालकाशिवाय जाणार नाही. तिसरा, वरचं पत्र सह्यांनिशी रवाना होईल. ठरावाची प्रत मंडळाच्या फलकावर लावा, चाळीच्या जिन्यात लावा, ग्रुपवर टाका. ज्या ग्रुपवर खडवलीचा बेत शिजत असेल तिथं तर आधी टाका.

घरातल्या बायकांनो, पहाटे पाण्याच्या वेळेला उठता तुम्ही. सहलीला निघालेल्या पोराला ‘कुठं चाललास’ एवढं विचारून थांबू नका, ‘पाण्यात उतरणार नाहीस ना’ हेही विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत डबा हातात देऊ नका. पथकाच्या प्रशिक्षकांनो, थर लावताना तुमचा एक शब्द पोरं झेलतात. तोच शब्द या वेळी पाण्याबद्दल द्या. आणि ट्रेकिंग करणाऱ्या मित्रांनो, तुम्हाला रान माहीत आहे. मंडळाच्या सहलीला वाट दाखवायला एक रविवार द्या, म्हणजे नवखी मंडळी आडवाटेनं जाणार नाहीत.

या आठवड्यात बैठक बोलवा, ठराव लिहा, सह्या घ्या आणि सहलीची जागा बदला.

आपला,
करी रोडचा एक रहिवासी